फटफटीचें बटण मुकें झालें तर

मोटरसायकलला मराठींत ‘फटफटी’ हें नांव पडलें तें तिच्या आवाजावरून. परंतु ती फटफट करूं लागण्यापूर्वींच्या दोन-तीन क्षणांत तिच्या पोटांत काय घडतें, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. पूर्वीं पायानें किक मारून इंजिनाला गति द्यावी लागे. आतां उजव्या हाताच्या अंगठ्यानें बटण दाबलें कीं काम होतें. लोक ज्याला ‘सेल्फ’ म्हणतात तें हेंच साधन. जोंवर तें चालतें तोंवर त्याच्यासारखी सोय नाहीं. परंतु एखाद्या पावसाळी सकाळीं बटण दाबावें आणि उत्तरादाखल नुसतें ‘टक्’ ऐकूं यावें, म्हणजे चांगला सुशिक्षित मनुष्यहि एकाएकीं असहाय होऊन जातो.

अशा वेळीं बहुतेक घरांत ठरलेला निवाडा होतो: ‘बॅटरी गेली.’ नवी बॅटरी येते, हजार-दोन हजार रुपये जातात, गाडी चार दिवस सुरळीत चालते आणि पांचव्या दिवशीं पुन्हां तोच प्रकार. मग रिले बदलला जातो, त्यानंतर सेल्फची मोटर बदलली जाते. आणि सरतेशेवटीं दोष निघतो तो चिखलानें माखलेल्या एका बोल्टाखालीं. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, अशांतला हा प्रकार होय. वैद्य नाडी पाहिल्यावांचून मात्रा देत नाहीं. मग यंत्रालाच परीक्षेवांचून औषध कां द्यावें? विजेचा दोष डोळ्यांना दिसत नाहीं हें खरें. पण त्याला ठावठिकाणा असतो, आणि क्रमानें शोध केल्यास तो बहुधा सांपडतो. हा क्रम कोणता, एवढाच प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

विजेनें इंजिन फिरविण्याची कल्पना मुळींच नवी नाहीं. अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यांनीं सिद्ध केलेली सेल्फची योजना १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत बसविली गेली आणि हँडल फिरवून मोटार सुरू करण्याचे कष्ट संपूं लागले. पाठोपाठ १९१४ सालीं तिकडील ‘इंडियन’ मोटरसायकलच्या कारखान्यानें ‘हेंडी स्पेशल’ नांवाची गाडी सेल्फसह बाजारांत आणली. पण त्या काळच्या बॅटऱ्यांना तो भार पेलेना, आणि ती गाडी लवकरच मागें पडली. पुढें हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या गाडीवर १९६५ सालीं सेल्फ आला आणि होंडाची १९६९ सालची सातशें पन्नास सी.सी.ची गाडी तर प्रारंभापासूनच सेल्फ घेऊन आली. या इतिहासाचा बोध असा कीं, सेल्फचें यश बटणांत नसून त्याच्या मागें उभ्या असलेल्या बॅटरीच्या भार सोसण्याच्या शक्तींत आहे.

आपल्या देशांत किकनें पुष्कळ वर्षें साथ दिली. बॅटरी उतरली तरी पाय होताच. परंतु १ एप्रिल २०२० पासून भारत-स्टेज सहाचे नियम लागू झाले, आणि त्यानंतरच्या बहुसंख्य गाड्यांत कार्बोरेटर जाऊन इंधन फवारण्याचें काम विजेच्या पंपाकडे व एका इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडे आलें. अनेक गाड्यांवरून किकहि नाहींशी झाली आहे. अशा गाडीची बॅटरी अगदींच मेली असेल, तर ढकलूनहि ती सहजासहजीं सुरू होत नाहीं. कारण पंपाला व नियंत्रकालाहि वीज लागतेच. म्हणून जें ज्ञान पूर्वीं हौसेचें होतें, तें आतां गरजेचें झालें आहे.

प्रथम वीज कोणत्या वाटेनें जाते तें ध्यानांत घ्यावें. विजेची वाट ही नेहमीं वर्तुळाकार असते. बॅटरीच्या धन टोंकापासून निघालेला प्रवाह काम करून ऋण टोंकाकडे परत आला पाहिजे. वर्तुळ कोठेंहि तुटलें कीं काम थांबलें. मोटरसायकलींत परतीच्या वाटेचा बराच भाग इंजिनाच्या व सांगाड्याच्या धातूंतूनच जातो. त्यालाच कारागीर ‘अर्थिंग’ म्हणतात.

सेल्फसाठीं अशीं दोन वर्तुळें असतात. एक मोठें: बॅटरी, जाड तार, रिले, सेल्फची मोटर, आणि इंजिनाच्या धातूंतून परत बॅटरी. दुसरें लहान: किल्ली, हँडलवरील इंजिन बंद करण्याचा तांबडा खटका, क्लचच्या किंवा न्यूट्रलच्या ठिकाणचा खटका, सेल्फचें बटण आणि रिलेमधील वेटोळें. हा क्रम गाडीगाडीगणिक थोडा निराळा असतो. पण तत्त्व एकच. लहान वर्तुळ हुकूम देतें आणि मोठें वर्तुळ काम करतें. रिले हा त्या दोहोंमधला कारभारी. बटण दाबल्यावर ऐकूं येणारा ‘टक्’ हा त्या कारभाऱ्यानें हुकूम ऐकल्याचा आवाज होय. एवढें समजलें कीं अर्धी परीक्षा नुसत्या कानांनीं होते.

ऐकूं येणारे प्रकार पांच. पहिला, पूर्ण शांतता: ‘टक्’हि नाहीं. अशा वेळीं हुकूमच पोंचत नाहीं. दोष बहुधा लहान वर्तुळांत असतो, किंवा बॅटरी अगदीं मेलेली असते. दुसरा, एकच ठसठशीत ‘टक्’ आणि पुढें कांहीं नाहीं. येथें हुकूम पोंचला, पण काम झालें नाहीं. म्हणून मोठें वर्तुळ तपासावें. तिसरा, ‘टकटकटक’ असा भराभर येणारा आवाज. रिले मिटतो; मोटर प्रवाह ओढूं पाहते; बॅटरीचा दाब कोसळतो; दाब कोसळतांच रिले सुटतो; सुटतांच दाब पुन्हां वर येतो, आणि रिले पुन्हां मिटतो. हें चक्र अशक्त बॅटरीचें किंवा खराब सांध्याचें लक्षण आहे. चौथा, इंजिन कण्हत कण्हत, रखडत फिरणें. याचाहि अर्थ बहुधा तोच. पांचवा, मोटर झर्रकन् फिरल्याचा आवाज येतो, पण इंजिन जागचें हलत नाहीं. हा दोष विजेचा नसून मोटर व इंजिन यांना जोडणाऱ्या यांत्रिक भागाचा आहे. तेथें बॅटरी बदलून उपयोग नाहीं.

यांहून निराळी अवस्था म्हणजे सेल्फ इंजिनाला व्यवस्थित फिरवितो, पण इंजिन पेट घेत नाहीं. ती सेल्फची तक्रार नव्हेच. ठिणगीची किंवा पेट्रोलची आहे. या दोन तक्रारींची गल्लत झाली म्हणजे पुढचा सारा तपास चुकीच्या वाटेला लागतो.

आवाजानंतर डोळ्यांची पाळी. बटण दाबतांना मीटरवरच्या न्यूट्रलच्या हिरव्या दिव्याकडे पाहावें. ‘टक्’ झालें आणि दिवा यत्किंचितहि मंद झाला नाहीं, तर मोठ्या वर्तुळांत प्रवाह वाहतच नाहीं असें समजावें. रिलेचे आंतील संपर्क जळले असतील, जाड तार सुटली असेल, किंवा मोटरचे ब्रश झिजले असतील. उलट, दिवा एकदम मालवत असेल, तर बॅटरी अशक्त आहे, तिच्या खांबांवरील सांधा खराब आहे, किंवा क्वचित् मोटरच अडकली आहे. एवढ्या परीक्षेला एक पैसाहि लागत नाहीं.

पान्हा हातीं घेण्यापूर्वीं क्षुल्लक गोष्टी मात्र अवश्य पाहाव्या. तांबडा खटका चुकून बंद झाला आहे काय? गाडी न्यूट्रलमध्यें आहे काय? क्लच पुरता दाबला आहे काय? कांहीं गाड्यांत बाजूचा स्टँड खालीं असतां गिअर टाकल्यास इंजिन चालू होत नाहीं. तो वर केला आहे काय? शाळकरी मुलानें उभ्या गाडीवर बसून खेळतां खेळतां खटका बंद केला आणि वडिलांनीं गाडी ढकलत गॅरेजपर्यंत नेली, असें घडणें अशक्य नाहीं.

आतां मुख्य संशयित, म्हणजे बॅटरी. फ्रान्समधील गास्ताँ प्लांते यांनीं १८५९ सालीं शिसें व गंधकाम्ल यांची जी बॅटरी सिद्ध केली, तिचेंच सुधारलेलें रूप बहुतेक मोटरसायकलींत असतें. तिच्यांत सहा घरें असून प्रत्येकाचा दाब दोन व्होल्टांहून किंचित् अधिक असतो. गाडी कांहीं तास स्वस्थ उभी असतां पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब १२.६ ते १२.८ व्होल्ट भरतो, १२.४ च्या सुमारास ती पाऊण भरलेली असते, आणि १२ वर आली म्हणजे जवळजवळ उतरलेली असते. १०.५ च्या आसपास आंकडा अडून राहिला, तर एखादें घर निकामी झाल्याचा दाट संशय घ्यावा. हा दाब मोजण्याचें मीटर बाजारांत कांहीं शें रुपयांत मिळतें, आणि तें लावण्यास कोणतेंहि विशेष शिक्षण लागत नाहीं.

पण येथेंच पुष्कळांची फसगत होते. स्वस्थ बॅटरीचा आंकडा हा तिच्या शक्तीचा पुरावा नव्हे. आजारी मनुष्य खाटेवर पडला असतां ठीक दिसतो. जिना चढूं लागला म्हणजे त्याची खरी अवस्था कळते. बॅटरीचा जिना म्हणजे सेल्फ. म्हणून मीटर बॅटरीच्या दोन्ही खांबांना लावून ठेवावें आणि दुसऱ्यास बटण दाबण्यास सांगावें. इंजिन फिरत असतांना दाब १० व्होल्टांच्या आसपास किंवा वर राहिला, तर बॅटरी सुदृढ आहे. तो साडेनवाच्या खूप खालीं घसरला, तर प्रथम ती पूर्ण चार्ज करून पुन्हां हीच परीक्षा घ्यावी. तरीहि घसरला, आणि मोटर अडकलेली नसली, तर मात्र ती बदलण्यास हरकत नाहीं. ‘हेडलाईट लागतो, म्हणजे बॅटरी चांगली आहे’ हा समज म्हणूनच टिकत नाहीं. पस्तीस वॉटचा दिवा सुमारें तीन अँपियर प्रवाह घेतो. सेल्फची मोटर पन्नास-साठ अँपियर किंवा त्याहूनहि अधिक मागते.

बॅटरी निर्दोष ठरली तर संशय सांध्यांवर येतो, आणि खरें मर्म याच ठिकाणीं आहे. जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओम यांनीं १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला नियम येथें कामास येतो: प्रवाह व अवरोध यांचा गुणाकार म्हणजे त्या ठिकाणीं खर्ची पडणारा दाब. समजा, एका सांध्यावर गंज चढून फक्त ०.०५ ओम इतका अवरोध उत्पन्न झाला. दिव्याचा तीन अँपियरचा प्रवाह त्यांतून जातांना ०.१५ व्होल्ट खर्ची पडतो. दिवा पूर्ववत् उजळतो आणि कोणास कांहीं कळत नाहीं. पण त्याच सांध्यांतून साठ अँपियर ओढूं गेल्यास ३ व्होल्ट वाटेंतच नाहींसे होतात, आणि मोटर हतबल होते. एकच सांधा चाकराला वाट देतो आणि धन्याला अडवितो! नवी बॅटरी बसविल्यावर गाडी थोडे दिवस कां चालते, याचाहि उलगडा यांतच आहे. बॅटरी बदलतांना तिचे सांधे सोडून पुन्हां घट्ट केले जातात. शिवाय नव्या बॅटरीचा जोर थोडा अधिक असतो. दोष मात्र जागच्या जागीं राहतो.

हा चोर पकडण्याची रीत सोपी आहे. मीटरचें एक टोंक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरें इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ दाबावा. आंकडा ०.२ ते ०.३ व्होल्टांहून अधिक आला, तर अर्थिंगची तार किंवा तिचा बोल्ट दोषी. मग एक टोंक धन खांबावर व दुसरें मोटरच्या जाड तारेच्या टोंकावर ठेवून तसेंच करावें. अर्ध्या व्होल्टाहून बराच अधिक दाब खर्ची पडत असेल, तर जाड तार, तिचे सांधे किंवा रिलेचे संपर्क यांकडे पाहावें. सांध्यावर पांढरी किंवा हिरवट बुरशीसारखी पूड जमली असल्यास खाण्याचा सोडा पाण्यांत कालवून त्यानें पुसावें, पूर्ण कोरडें करावें, घासून धातु चकचकीत करावी, आणि घट्ट बसविल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा हात द्यावा. कोंकणच्या किंवा घाटमाथ्याच्या पावसांत फिरणाऱ्या गाडीला हा उपचार वर्षांतून एकदां तरी मिळावा.

‘टक्’हि होत नसेल, तर लहान वर्तुळ तपासावयाचें. त्यासाठीं बारा व्होल्टांचा लहान दिवा व दोन तारा पुरतात. एक तार बॅटरीच्या ऋण खांबाला जोडावी. किल्ली फिरवून, क्लच दाबून व बटण दाबून दुसरी तार रिलेच्या बारीक तारांना एकामागून एक लावावी. दिवा लागला, तर वीज येथपर्यंत आली. दोष रिलेंत किंवा त्याच्या परतीच्या वाटेंत. न लागला, तर दोष मागें, बटणाच्या बाजूस. मग त्या वाटेचाहि मध्य गांठावा. दर वेळीं वाट निम्मी करीत गेल्यास सोळा जागांपैकीं दोषी जागा चार परीक्षांत सांपडते. पाणी शिरलेला कपलर, उंदरांनीं कुरतडलेली तार, क्लचखालचा झिजलेला खटका, हे येथील नेहमींचे अपराधी. मात्र इंधन फवारणाऱ्या गाडींतील नियंत्रकाच्या बारीक तारांना हा दिवा लावूं नये. त्या नाजूक यंत्रणेस अपाय होण्याचा संभव असतो.

इंजिन फिरतें पण पेट घेत नाहीं, अशा वेळीं किल्ली फिरवितांच पेट्रोलच्या पंपाची बारीक गुणगुण ऐकूं येते कीं नाहीं तें पाहावें. ती नसल्यास पंपाचा फ्यूज प्रथम तपासावा. ठिणगी पाहावयाची तर प्लग काढून टोपींत बसवावा, त्याचा धातूचा भाग इंजिनाला घट्ट टेकवावा, आणि सेल्फ दाबून निळसर ठिणगी पडते कीं नाहीं तें पाहावें. प्लग हातांत धरूं नये, हवेंत लोंबता ठेवूं नये. आणि प्लगच्या उघड्या भोंकाजवळ किंवा पेट्रोलच्या वाफेजवळ तर ही परीक्षा कधींच करूं नये.

बॅटरी खरोखरच उतरलेली निघाली, तरी चौकशी संपत नाहीं. ती कां उतरली हा प्रश्न उरतोच. इंजिन मध्यम गतीनें चालू असतां बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. आंकडा बाराच्याच घरांत राहिला, तर चार्जिंग होत नाहीं. पंधराच्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडला असून तो बॅटरीला हळूहळू जाळीत आहे. चार्जिंग ठीक असूनहि बॅटरी उतरत असेल, तर कोणी तरी चोरून वीज पीत आहे असें समजावें. चोरी-इशाऱ्याचा भोंगा, मोबाईलचा चार्जर, चिकटपट्टीनें जोडलेले जादा दिवे, असें एखादें साधन गाडी बंद असतांना केवळ ०.०५ अँपियर घेत असलें, तरी चोवीस तासांत १.२ अँपियर-तास खर्ची पडतात. पांच अँपियर-तासांची लहान बॅटरी चार दिवसांत रिकामी होते. नुसती उभी गाडीहि हळूहळू बॅटरी गमावते. २०२० सालच्या टाळेबंदींत कित्येक आठवडे उभ्या राहिलेल्या अनेक गाड्यांच्या बॅटऱ्या अशाच निकामी झाल्या. कारण उतरलेल्या स्थितींत पडून राहिलेल्या शिशाच्या पत्र्यांवर सल्फेटाचा कठीण थर बसतो, आणि तो पुढें सहसा निघत नाहीं.

शेवटीं सावधगिरीचे चार शब्द. जळलेला फ्यूज हा रोग नसून लक्षण आहे. त्याच्या जागीं सिगारेटच्या पाकिटांतला चंदेरी कागद किंवा जाड तार घालणें म्हणजे पहारेकऱ्याला निजवून घर उघडें टाकणें होय. पुढें तारा तापून गाडीच पेट घेऊं शकते. बॅटरी काढतांना ऋण तार आधीं सोडावी व बसवितांना ती शेवटीं जोडावी. हातांतील अंगठी, कडें, घड्याळाचा धातूचा पट्टा काढून ठेवावा. चार्ज होणाऱ्या बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो. म्हणून तें काम मोकळ्या हवेंत, ठिणगीपासून दूर करावें. रिलेचीं दोन टोंकें स्क्रूड्रायव्हरनें जोडून सेल्फ फिरविण्याची युक्ति रस्त्यावर पुष्कळदां पाहावयास मिळते. गाडी गिअरमध्यें असल्यास ती त्या क्षणीं पुढें उडी घेते. आणि चालू इंजिनावरची बॅटरी काढून चार्जिंग पाहण्याची जुनी पद्धत आजच्या इलेक्ट्रॉनिक गाडीला घातक आहे.

पहांटेच्या पाळीला चाकणच्या कारखान्यांत निघालेल्या कामगाराचा एक खाडा, रात्रपाळी संपवून घरीं येणाऱ्या परिचारिकेचें निर्जन रस्त्यावरील खोळंबून राहणें, महिनाअखेरीस विनाकारण खर्चिलेले दोन हजार रुपये, हे सारे त्या एका मुक्या बटणाचे परिणाम असतात. ते सर्वच टळतील असें नाहीं. पण गाडीच्या कागदपत्रांबरोबर एका वहींत तीन आंकडे नोंदून ठेवल्यास पुष्कळ टळतील. गाडी स्वस्थ असतांनाचा दाब, सेल्फ फिरतांनाचा दाब आणि इंजिन चालू असतांनाचा दाब, हे ते तीन आंकडे. गाडी नवी असतां एकदां, आणि मग दर वर्षीं मृग नक्षत्रापूर्वीं एकदां ते नोंदावे. पुढें गॅरेजांत जाण्याची वेळ आलीच, तर ‘बॅटरी बदला’ असें न सांगतां आवाज कोणता येतो तें सांगावें आणि वही पुढें करावी. जाणता मिस्त्री अशा गिऱ्हाइकावर रागावत नाहीं. त्याचें निम्में काम झालेलें असतें.